बिब्ब्याखालचा डाग

आक्काच्या टाचेवर बिब्बा घालायला मीच सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी बराच शहाणा माणूस वाटण्याचा संभव आहे.

आक्का माझी थोरली बहीण, खोडदला दिलेली. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरंच होती. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात उन्हाळा काढायचा आणि पावसाआधी परत यायचं. वडिलांनी थोडी जमीन केली, मला शाळेत घातलं, आणि मी जुन्नर तालुक्यातल्या शाळांमधून बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो. आक्काच्या सासरी मात्र अजून तीसेक मेंढरं आणि चार शेळ्या आहेत. गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या कुंपणाबाहेर ती चरतात. आत शास्त्रज्ञ आकाशातलं ऐकत असतात आणि बाहेर दाजी मेंढरांवर ओरडत असतात. दोन्ही बाजूंनी एकमेकांची कधी तक्रार केलेली नाही.

मागच्या मार्गशीर्षात मी गेलो तेव्हा आक्का उजव्या पायाच्या कडेवर भार देत चालत होती. विचारलं तर म्हणाली, "कुरूप झालंय. बाभळीचा जुना काटा असंल आत."

"बघू."

"पाय काय बघायचा? चहा घे."

चारचौघांत पाय लांब करायचा नाही, तळवा तर कुणाला दाखवायचाच नाही, ही आमच्याकडच्या बायकांची जुनी शिस्त. मी चष्मा लावून मागेच लागलो तेव्हा तिनं पदरानं घोटा झाकून कशीबशी टाच वळवली. मसुराच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा डाग होता. काळपट, कडेला वेडावाकडा, मधे कातडी जाड. आमच्या भागातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं, आणि मीही तेच सांगितलं. बिब्बा.

फरक एवढाच, की मी त्याला पुस्तकी जोड दिली. "बिब्ब्याच्या तेलानं जाड कातडी जळून जाते," मी म्हणालो. "यात शास्त्र आहे."

दाजींना शास्त्राची गरज नव्हती. त्यांनी बिब्ब्यात सुई खुपसली, तो दिव्यावर धरला, आणि तेल सुटल्यावर एक थेंब बरोबर डागावर पाडला. आक्कानं दात आवळले. टाचेवर काळाभोर ठिपका उमटला. बिब्ब्याचा डाग काळा पडतोच, आणि महिना-दीड महिन्यात कातडीबरोबर निघूनही जातो. मेंढरामागं चालणाऱ्या माणसांच्या निम्म्या टाचा अशा असतात. त्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आक्काच्या टाचेकडे पुढचे पाच महिने कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. मधे जखम झाली, पाणी सुटलं, तेव्हा सगळे म्हणाले बिब्बा उतला. सुकल्यासारखी वाटली तेव्हा दाजींनी परत घातला. डाग मोठा झाला तर तेल पसरलं असणार. काळाच राहिला तर बिब्बा ताजा असणार. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरात बिब्बा होता.

याच दिवसांत आमच्याकडे घोडेगावला कर्करोग तपासणी शिबिर झालं. 'भव्य' हा शब्द फ्लेक्सवर दोन ठिकाणी होता. फ्लेक्सवर नऊ फोटो होते, त्यांत एकही डॉक्टर नव्हता. दहावा फोटो माझा, एका पुढाऱ्याच्या कोपराखाली, रेशनकार्डावरच्या आकाराचा. प्रमुख वक्ते म्हणून मला बोलावलं होतं, कारण खरा वक्ता नाही म्हणाला होता आणि मी वाचतो अशी माझी तालुक्यात ख्याती आहे. शाली घालता घालता तास गेला. नारळ इतके जमले की ते ठेवायला रक्तदाब मोजायचं टेबल रिकामं करावं लागलं.

मी तयारी मात्र मनापासून केली होती. त्या महिन्यात मला एका गोष्टीनं झपाटलं होतं. शाळेत मी दर वर्षी एक प्रयोग करायचो. खुडुक कोंबडीखालचं तीन दिवसांचं अंडं आणायचं, कवचाला अलगद खिडकी पाडायची, आणि आतला लाल ठिपका मुलांना दाखवायचा. तो ठिपका धडधडत असतो. वर्ग गप्प होतो. इतकी वर्षं मी तो ठिपका दाखवला, पण त्याच अंड्यात त्याच वेळी दुसरं काय चाललेलं असतं हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. पिल्लाच्या पाठीच्या रेषेवरून काही पेशी शेजारणींचा हात सोडतात आणि चालायला लागतात. कुणी चेहऱ्याकडे जातात, कुणी आतड्याकडे, कुणी कातडीकडे. हात सोडायचा कसा, वाट काढायची कशी, याच्या आज्ञा काही जीन्समध्ये असतात. अंग घडून झालं की बहुतेक ठिकाणी त्या आज्ञा बंद होतात. आणि कॅन्सर जेव्हा एका जागेवरून दुसरीकडे पसरतो तेव्हा त्याच्या पेशी पुष्कळदा याच बंद पडलेल्या आज्ञा पुन्हा चालू करतात. नवी युक्ती त्यांना शोधावी लागत नाही. आपण आईच्या पोटात असताना वापरलेलीच हाताशी असते.

हे मी व्यासपीठावरून सांगितलं. शेवटी म्हणालो, "कर्करोग म्हणजे चुकलेल्या वेळी जागा झालेला गर्भ!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस थांबायचं विसरतो. मी पुढे म्हणालो, की कातडीच्या काळ्या कॅन्सरची तर आपल्याला काळजीच नाही. तो उन्हात लोळणाऱ्या गोऱ्या लोकांचा रोग. काळ्या कातडीचा एवढा तरी फायदा!

लोक हसले. पहिल्या रांगेत सतरंजीवर आक्का बसली होती, भावाचं भाषण ऐकायला मुद्दाम जीप करून आलेली. ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. उजवा पाय तिनं मांडीखाली घेतला होता.

भाषणानंतर तिची तपासणीही झाली. तोंड उघडायला लावलं, छाती तपासली, साखर बघितली. तळवा दाखवा असं कुणी म्हणालं नाही आणि तीही दाखवणाऱ्यांतली नव्हे. तिला एक कार्ड मिळालं. त्यावर शिक्का होता, 'तपासणी समाधानकारक'. ते तिनं देव्हाऱ्याशेजारी खोचून ठेवलं. नंतर टाच ठणकते म्हणून भाचा दवाखान्यात चल म्हणायला लागला, की ती कार्डाकडे बोट करायची. "कॅन्सरच्या डाक्टरांनी पास केलंय मला. कुरपाला कशाला पायजे डाक्टर?"

वैशाखात तिला पाय टेकवेना. भाचा चाकणच्या कंपनीत आहे, त्यानं सुट्टी टाकली आणि आम्ही तिला नारायणगावला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तिशीचा, कमी बोलणारा. भिंतीवर एकच प्रमाणपत्र, तेही वाचता येईल असं. त्यानं टाच हातात घेतली, आक्कानं शरमेनं तोंड फिरवलं.

"हा डाग कसला, आजी?"

"बिब्ब्याचा."

"बिब्ब्याचा डाग किती दिवस राहतो?"

"महिना, दीड महिना. कातडं गेलं की जातो."

"शेवटचा कधी घातला?"

"होळीच्या आधी."

डॉक्टरनं मनात हिशेब केला असावा. मग एक बारीक भिंग काढलं, त्याचा दिवा लावला आणि डागावर टेकवून बराच वेळ बघत राहिला. वर न बघता त्यानं विचारलं, "अगदी पहिल्यांदा बिब्बा घातला, त्याच्या आधी टाच कशी होती?"

आम्ही चौघं होतो तिथं. मी, आक्का, दाजी, भाचा. पाच महिन्यांत हा प्रश्न आम्हा चौघांपैकी एकालाही पडला नव्हता.

"काळीच व्हती की," आक्का म्हणाली. "म्हनून तर घातला."

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. मार्गशीर्षातली ती टाच मला स्पष्ट दिसत होती, मी स्वतः चष्मा लावून पाहिलेली. कुरूप काळं नसतं. पिवळट असतं, मेणासारखं. हे मला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट डोळ्यांसमोर असताना मला दिसली नव्हती.

तुकडा काढून पाठवला. आठवड्यानं नाव आलं. मेलेनोमा. गोऱ्या लोकांचा, उन्हाचा म्हणून मी ज्याची ग्वाही दिली होती तोच. डॉक्टर म्हणाला, आपल्याकडे तो असाच येतो, जिथं ऊन कधी पोचत नाही तिथं. तळव्यावर, तळहातावर, नखाखाली. आणि उशिरा कळतो, कारण तिथं कुणी बघत नाही.

घरी येताना बेल्ह्याच्या फाट्यावर आक्का म्हणाली, "मास्तर, काळ्या कातडीला भ्या न्हाई म्हनला व्हतास तू. लई टाळ्या पडल्या व्हत्या."

"चुकलो, आक्का."

"टाळ्या वाजवनारात मी बी व्हते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पुण्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. तिथल्या सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवून साध्या शब्दांत सांगितलं. टाचेचा तो भाग खोलवर काढायचा, मांडीची कातडी तिथं लावायची. पण खरा प्रश्न टाचेचा नाही. डाग टाचेतून निघून वर गेलाय का, हा आहे. गेला असेल तर बहुधा आधी जांघेतल्या गाठींमध्ये थांबतो. तिथल्या पहिल्या गाठी काढून तपासायच्या. त्यात काही नसेल तर तुम्ही नशीबवान. असेल तर पुढची लढाई मोठी.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "म्हणजे गर्भातली जीन्स पुन्हा जागी झाली आहेत का, हे बघायचं."

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही डॉक्टर?"

"विज्ञान शिक्षक. निवृत्त."

"बरोबर आहे सर तुमचं, ढोबळ मानानं. पण पेशंटसमोर गर्भ वगैरे बोलू नका. त्या घरी जाऊन भलतंच समजतील."

आक्का तिथंच बसली होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "गर्भाचं काय म्हनला तू? ह्या वयात?" भाचा पहिल्यांदा हसला, त्या महिन्यात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दाजी आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर होतो. दाजी पुण्यात आले की चप्पल काढून पाय वर घेऊन बसतात, बाक कुणाचाही असो. बराच वेळ ते स्वतःच्या टाचा निरखत होते. त्यांच्याही टाचेवर बिब्ब्याचे जुने डाग आहेत. बोटानं घासून बघत होते, निघतात का.

"मास्तर," ते म्हणाले, "टाचंतलं जांघंत जातं म्हनत्यात. चालत जातं का काय?"

मी या वेळी भाषण केलं नाही. विचारलं, "दाजी, काळ्या शेळीला पांढरं कुठं असतं?"

"पोटाला. खुरांच्या वर. कपाळाला टिकली."

"पाठीवर?"

त्यांनी विचार केला. "पाठीवर कमी. पोटालाच जास्ती."

"कारण रंगाच्या पेशी आधी पाठीच्या कण्यापाशी होतात. करडू आईच्या पोटात असतानाच तिथून निघून चालत चालत खाली येतात, दोन्ही बाजूंनी. कपाळ, पोट आणि खूर सगळ्यांत लांब. तिथवर पोचल्या नाहीत की पांढरं राहतं."

दाजींनी पाय खाली घेतले. साठ वर्षं शेळ्या राखलेला माणूस, आणि मी त्यांच्या प्रत्येक शेळीच्या पोटावर लिहिलेलं काहीतरी वाचून दाखवलं होतं. पण त्यांचा चेहरा खुललेला नव्हता. ते घाबरले होते.

"माणसाचं बी असंच?"

"असंच."

"म्हंजी हिच्या टाचंतल्या त्या काळ्या पेशी, ह्या आधीपास्नं चालनाऱ्या."

"हो. टाचेत आल्या आणि थांबल्या. सत्तर वर्षं थांबून होत्या."

"आन चालायचं कसं ते इसरल्या न्हाईत."

मी हे वाक्य कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. एवढं सारं वाचून, व्यासपीठावरून बोलून, मला जे कळलं नव्हतं ते मला त्या बाकावर कळलं. कॅन्सर कुठल्याही पेशीला चालायला शिकवू शकतो. या पेशींना शिकवायचीही गरज नव्हती. त्यांचा जन्मच वाटेवरचा.

"कशानं उठल्या?" दाजींनी विचारलं. मग अगदी हळू, "बिब्ब्यानं?"

हा प्रश्न मी बाईंना आधीच विचारून ठेवला होता, एकट्यानं गाठून. "नाही," मी म्हणालो. "डाग आधीच होता. बिब्ब्यानं रोग केला नाही. बिब्ब्यानं झाकला."

"झाकला मीच की," दाजी म्हणाले. "हातानं."

"सांगितलं मी."

आत बाईंचं काम चालू होतं.

आक्का घरी आली. पाय उशीवर, घोट्यापर्यंत बँडेज, जांघेत टाके. गाव बघायला येऊ लागलं. येणारा प्रत्येक जण टाच बघायचा हट्ट धरायचा आणि आक्का, जिनं जन्मभर तळवा कुणाला दाखवला नाही, ती बँडेज बांधलेला पाय पुढे करून सांगायची, "बघा. आन घरी जाऊन आपापल्या बघा. काळं दिसलं तर आधी इच्यारा, बिब्बा घातलाय का मुळात." गावात त्या आठवड्यात जेवढ्या टाचा तपासल्या गेल्या तेवढ्या घोडेगावच्या शिबिरात तोंडंही तपासली गेली नसतील. नारळाशिवाय.

गाठींचा अहवाल यायचा होता. मी घोडेगावला तहसील कचेरीत उताऱ्यासाठी रांगेत उभा होतो तेव्हा भाच्यानं तो मोबाईलवर पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, बघा." रांगेत माझ्यापुढे चार माणसं होती. मी तिथंच वाचलं. तीन गाठी काढल्या होत्या. दोन स्वच्छ. तिसरीत त्या पेशी होत्या.

मला वाटलं होतं की मी तयार आहे. मला जीन्स माहीत होती, वाट माहीत होती, ही शक्यता बाईंनी सांगितलेलीही होती. तरी मागच्या माणसानं "ओ पावणं, पुढं सरका की" म्हणेपर्यंत मी कुठं उभा आहे हे मला कळलं नाही. रांग सोडून बाहेर आलो. भाच्याला फोन लावला.

"मामा, आईला तुमीच सांगा," तो म्हणाला. "मला न्हाई जमायचं. वडील तर म्हनत्यात सांगूच नका, धसका घेईल."

"पुढं काय म्हणाल्या बाई?"

"स्कॅन केलाय. बाकी कुठं काय दिसलं न्हाई म्हनल्या. सोमवारी बोलवलंय. तीन-तीन आठवड्यांनी सलाईनमधनं औषध द्यायचं, शरीर सोताच लढंल असलं कायतरी. गुण येईलच असं न्हाई म्हनल्या, पण येतो म्हनल्या काही जनांना."

खोडदला पोचेपर्यंत मी सांगायची तीन वाक्यं तयार केली होती. चांगली होती. एसटीतून उतरताना तिन्ही मला भाषणासारखी वाटली आणि मी ती सोडून दिली.

आक्का ओसरीवर होती. दाजी शेजारी दोरी वळत बसले होते. मला बघून त्यांनी मान हलवली, नको म्हणून. आक्कानं ते बघितलं.

"खुना कसल्या करताय मास्तरला?" ती म्हणाली. "काय निघालं?"

"एका गाठीत आहे."

दाजींनी दोरी खाली ठेवली. आक्काचा हात जांघेवर गेला, टाक्यांच्या वर, आणि तिथंच राहिला. आत काही हलतंय का हे चाचपावं तसा. मग तिनं विचारलं, "म्हंजी टाचंतनं निघालं ते."

"निघालं."

"कुठवर गेलंय?"

"जांघेपर्यंत. पुढं स्कॅनमध्ये काही दिसलेलं नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी मी मार खाऊन घरी आलो की अशीच बघायची, मी खोटं बोलतोय का हे ठरवायला.

"पुढं न्हाई गेलं, हे कोन म्हनतंय? डाक्टरीनबाई का तू?"

"बाई म्हणाल्या. मी नाही."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. आणि दाजींकडे वळून, "सोमवारी जीप सकाळी सातला सांगा. मागल्या वेळंसारखं नऊ नको. आन मेंढरं कोन बगनार ते आजच ठरवा."